पेढीवरील साधक : श्रीमद् राजचंद्र

मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात व्यापाऱ्याचा दिवस मालाच्या आवकेनुसार उगवतो आणि मावळतो. भाजीपाल्याच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात, पहाटेपूर्वीच विक्री सुरू होते. मसाला व धान्य बाजारांत नमुने, सौदे, हिशेबपट्ट्या आणि उधारीचे तगादे यांतून दुपार टळेपर्यंत डोके वर निघत नाही. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार खाडी ओलांडून येथे आला आणि पुढील दीड दशकात मसाला, धान्य, भाजीपाला व फळे हे बाजारही दक्षिण मुंबईतील गजबजलेल्या पेठा सोडून येथे स्थिरावले. गाळे प्रशस्त झाले, रस्ते रुंद झाले; परंतु व्यापारी श्रावकाची जुनी तक्रार सामानाबरोबर पूल ओलांडून आलीच. सामायिकाला वेळ मिळत नाही, स्वाध्यायाला मिळत नाही, आणि व्याख्यान पर्युषणापुरतेच उरते. या तक्रारीला ज्यांचे चरित्र हेच उत्तर आहे, ते श्रीमद् राजचंद्र मुंबईतीलच एक व्यापारी होते. जवाहिराच्या पेढीवर बसून, मोत्यांची पारख करता करता, अवघ्या तेहतीस वर्षे पाच महिन्यांच्या आयुष्यात त्यांनी जे लिहिले, ते पुरे वाचावयास सामान्य वाचकाला कित्येक वर्षे लागतात.

सौराष्ट्रातील तत्कालीन मोरबी संस्थानातील ववाणिया या गावी ९ नोव्हेंबर १८६७ रोजी, कार्तिक पौर्णिमेला, त्यांचा जन्म झाला. पिता रवजीभाई मेहता, माता देवबा. पितामह पंचाणभाई कृष्णभक्त होते, तर मातेचे संस्कार जैन धर्माचे. बालपणी त्यांच्या गळ्यात कंठी होती आणि त्यावरून इतर वाणियांची मुले त्यांची थट्टा करीत. पुढे प्रतिक्रमणसूत्र वाचनात आले, आणि त्यातील सर्व जीवमात्राप्रती असलेल्या क्षमाभावाने हा बालक जैन दर्शनाकडे ओढला गेला. सातव्या वर्षी गावातील अमीचंद नावाच्या परिचित गृहस्थांचा सर्पदंशाने मृत्यू झाला. तलावाकाठी पेटलेली त्यांची चिता बाभळीच्या झाडावर चढून पाहत असता बालकाला पूर्वजन्मांचे स्मरण झाले, असे चरित्रकार नमूद करतात. शाळेतील सात वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. आठव्या वर्षापासून ते काव्यरचना करू लागले होते.

या असामान्य गोष्टी भक्तांना प्रिय आहेत आणि त्या पुनःपुन्हा सांगितल्या जातात. व्यापारी वाचकाला मात्र त्यानंतरची एक साधी गोष्ट अधिक जवळची वाटावी. तेराव्या वर्षी राजचंद्र वडिलांच्या दुकानावर बसू लागले. पुढे स्वतःच्या बालपणाविषयी लिहिताना त्यांनी नोंदविले की, त्या दुकानावर त्यांनी कोणाला कमी-अधिक भाव सांगितला नाही आणि कोणाला कमी-अधिक तोलून दिले नाही. त्याच दुकानावर बसून त्यांनी रामादिकांच्या चरित्रांवर कविता रचल्या. अक्षर सुंदर असल्यामुळे कच्छ दरबाराच्या उताऱ्यावर लेखनासाठी त्यांना बोलावणे येई, तेव्हा तेही काम ते करीत. गिऱ्हाईक आले की तराजू आणि गिऱ्हाईक गेले की लेखणी, ही सवय त्यांना तेराव्या वर्षी लागली आणि मुंबईच्या पेढीपर्यंत ती सुटली नाही. प्रज्ञा जन्मजात असू शकेल. ही सवय मात्र दुकानाच्या फळीवर घडलेली होती.

सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी त्यांनी ‘पुष्पमाला’ लिहिली. जपमाळेच्या मण्यांप्रमाणे एकशे आठ लहान लहान बोधवचने तीत गुंफली आहेत. श्रीमंत, वकील, कवी, बालक, वृद्ध अशा निरनिराळ्या स्थितींतील माणसांना उद्देशून प्रातःकाळी करावयाचे चिंतन असे तिचे स्वरूप आहे. या माळेतील एका मण्यात दिवसाच्या आठ प्रहरांची वाटणी दिली आहे : भक्तीसाठी एक प्रहर, धर्मकर्तव्यासाठी एक, आहारासाठी एक, विद्येसाठी एक, निद्रेसाठी दोन आणि संसारप्रयोजनासाठी दोन. एक प्रहर म्हणजे तीन तास. म्हणजेच दुकान, घर, देणे-घेणे आणि लौकिक व्यवहार या सर्वांसाठी मिळून सहा तास, झोपेसाठीही तेवढेच. आहाराला दिलेले तीन तास पाहून आजच्या वाचकाला किंचित आश्चर्य वाटेल; गाळ्यावर उभ्या उभ्या डबा संपविणाऱ्यास तर अधिकच. परंतु या वाटणीतील खरी मेख संसाराच्या दोन प्रहरांत आहे. धर्माला उरलेला वेळ द्यावा, असे ती सांगत नाही. धर्म, भक्ती व विद्या यांचे प्रहर आधी राखून ठेवले आहेत, आणि व्यापाराला त्याचा हिस्सा मोजून दिला आहे.

त्यानंतर लवकरच, १८८४ मध्ये, वयाच्या सोळा वर्षे पाच महिन्यांच्या सुमारास ‘मोक्षमाला’ हा एकशे आठ शिक्षापाठांचा ग्रंथ त्यांनी तीन दिवसांत लिहून पूर्ण केला. त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीनीतिबोधक’ हे स्त्रीशिक्षणास अनुकूल पुस्तकही प्रसिद्ध झाले. तीन दिवसांचा हा वेग थक्क करणारा आहे. पण तो वेग ज्या स्वस्थतेतून येतो, तिचे दर्शन एका लहानशा घटनेतून होते. लेखन चालू असता सदुसष्टाव्या पाठावर शाई सांडली. लिहिलेले वाया गेले. त्यांनी त्याच जागी नवे काव्य रचले, आणि शाईमुळे जन्मलेले ते ‘अमूल्य तत्त्वविचार’ नावाचे काव्य आज त्या ग्रंथातील सर्वाधिक गायिले जाणारे पद आहे.

‘मोक्षमाला’ प्रत्यक्ष छापून निघण्यास विलंब झाला. ज्यांनी आगाऊ नावे नोंदविली होती, ते ग्राहक वाट पाहत राहिले. तेव्हा राजचंद्रांनी ‘भावनाबोध’ हा आणखी एक ग्रंथ रचला आणि विलंबाची भरपाई म्हणून तो त्या ग्राहकांना भेट दिला. व्यापारात मुदत टळणे नवे नाही. मुदत टळली म्हणून स्वतःहून अधिक माल देणारा मात्र विरळा. या मुलाच्या ठायी लेखक आणि व्यापारी हे दोघे वेगळे नव्हतेच, असे येथे म्हणावेसे वाटते.

याच ‘मोक्षमाले’त सामायिकावर तीन पाठ आहेत. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मनाचे दहा, वचनाचे दहा व कायेचे बारा असे बत्तीस दोष कसे शिरतात, याचे त्यांत विवेचन आहे. मनाच्या दोषांत धनाची इच्छा आहे, कीर्तीची इच्छा आहे, फळाचा सौदा आहे, अभिमान आहे, भय आहे. बैठकीवर बसलेल्या पण मनाने गाळ्यावर फिरणाऱ्या श्रावकाचे हे अचूक वर्णन म्हणावे लागेल. चित्त एका ठिकाणी ठेवण्याच्या विद्येची शास्त्रे आता जगभर लिहिली जातात. अठ्ठेचाळीस मिनिटांचे ते माप जैन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या होतेच. दुसऱ्या एका पाठात सामान्य नित्यनियम दिले आहेत : प्रभातीपूर्वी जागृती, नवकार मंत्राचे स्मरण, रात्रीच्या दोषांचे प्रतिक्रमण, आहारविहारात व व्यवहारात नियमितता, शास्त्रवाचन आणि निजण्यापूर्वी दिवसभरातील दोषांची क्षमायाचना. दिवसाचा जमाखर्च त्याच दिवशी मिटवावा, ही रीत कोणत्याही पेढीच्या रोजमेळाला परिचित आहे.

याच सुमारास त्यांच्या जीवनात कीर्ती प्रवेशली. मोरबी येथे त्यांनी एका शास्त्रीबोवांचे अष्टावधान पाहिले, आणि लवकरच स्वतः बारा, मग बावन्न अवधाने करून दाखविली. अवधान म्हणजे अनेक विषयांकडे एकाच बैठकीत लक्ष ठेवणे. सोंगट्या, पत्ते व बुद्धिबळ यांचे डाव चालू असावेत, मध्येच घंटेचे ठोके मोजावेत, गणिते तोंडी सोडवावीत, अपरिचित भाषांतील शब्द उलटसुलट क्रमाने ऐकून शेवटी सुसंगत लावून सांगावेत, आणि दिलेल्या विषयावर दिलेल्या वृत्तात पद्यही रचावे. २२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. पीटर्सन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी शतावधान केले. सुवर्णपदक मिळाले, साक्षात सरस्वती ही उपाधी मिळाली, वृत्तपत्रांनी स्तुती केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन हे प्रयोग करावेत अशी सूचना केली. वय एकोणीस होते. द्रव्य व कीर्ती दोन्ही दारात उभी होती.

राजचंद्रांनी नकार दिला. आणि केवळ युरोपालाच नव्हे, काही काळातच अवधानाचे जाहीर प्रयोगच त्यांनी थांबविले. ज्योतिषाचाही त्यांनी सखोल अभ्यास केला होता, लोक प्रश्न घेऊन येऊ लागले होते. तेही त्यांनी सोडून दिले. त्यांच्या कार्यशक्तीचे मर्म शोधताना बहुतेक लेखक त्यांच्या स्मरणशक्तीपाशी थांबतात. परंतु मर्म या त्यागापाशी अधिक आहे. जे येत नाही ते सोडणे सोपे असते. जे सर्वांहून उत्तम येते, ज्याला टाळ्या मिळतात आणि ज्याचे पैसेही मिळतील, ते आपल्या मुख्य कार्याचे नव्हे म्हणून बाजूला ठेवणे फार कठीण. शंभर गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देऊ शकणाऱ्या या तरुणाने उरलेले आयुष्य एका गोष्टीकडे लक्ष देण्यात घालविले.

१८८८ मध्ये झबकबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या ज्येष्ठ बंधूंच्या कन्या. डॉक्टरांचे दुसरे बंधू रेवाशंकर जगजीवन यांच्या जवाहिराच्या व्यापारात राजचंद्र भागीदार झाले. (या रेवाशंकरभाईंच्याच मालकीचे मुंबईतील मणिभवन पुढे १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचे मुंबईतील केंद्र होते.) हिरे-मोत्यांची पारख, मोठ्या रकमांची देवघेव, परदेशाशी चालणारा व्यवहार हे सर्व ते सांभाळीत. पेढीवरील गुंतागुंतीचा प्रश्न त्यांच्यापुढे आला की सुटे.

१८९१ च्या जुलै महिन्यात विलायतेहून नुकतेच परतलेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी यांची त्यांच्याशी डॉ. मेहतांच्या घरी भेट झाली. गांधींनी प्रथम त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा पाहिली आणि ते चकित झाले. पण पुढे आत्मकथेत त्यांनी आदराने नोंदविले ते वेगळेच. राजचंद्रांच्या गादीवर हिशेबाच्या वह्यांबरोबर एखादे धर्मपुस्तक व एक रोजनिशी सदैव असे. लाखांचा सौदा संपला की ते पुस्तक उघडले जाई, किंवा रोजनिशीत लिहिणे सुरू होई. मध्ये उसासा नसे, झालेल्या सौद्याची पुन्हा उजळणी नसे. गिऱ्हाईक आले की रोजनिशी मिटे आणि लक्ष संपूर्णपणे मोत्यांवर जाई. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा मोठा भाग या रोजनिशीतून आलेला आहे, असे गांधींचे निरीक्षण आहे. गांधी त्या काळी वकिलीत जम न बसलेले होते. तरीही ते पेढीवर गेले की राजचंद्र त्यांच्याशी धर्मचर्चा करीत. लाभ नसलेला माणूस म्हणून त्यांना बाहेर बसवून ठेवीत नसत.

त्यांची राहणीही मनाला फाटे फुटू न देणारी होती. धोतर, सदरा, अंगरखा, खेस आणि पागोटे. कपड्यांना इस्त्री आहे की नाही इकडे लक्ष नसे. चाल संथ होती, आणि चालतानाही हा गृहस्थ विचारात आहे हे पाहणाऱ्यास कळे. एकदा चामड्याच्या वापराविषयी बोलणे चालू असता, त्यांच्या टोपीतच चामड्याची पट्टी आहे हे गांधींनी दाखवून दिले. राजचंद्रांनी वाद घातला नाही, सबब सांगितली नाही. पट्टी काढून टाकली. समर्थन करण्यात किती वेळ जातो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. त्यांचा तो वेळ वाचला.

सौद्याचा भाव आणि ताबा यांच्या मधल्या दिवसांत बाजार फिरणे म्हणजे काय, हे बाजार समितीतील कोणाही व्यापाऱ्यास सांगावयास नको. असाच एक प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. एका व्यापाऱ्याने ठरावीक भावाने हिरे देण्याचा त्यांच्याशी लेखी करार केला. मुदतीपूर्वीच भाव इतके चढले की, करार पाळावा तर त्या व्यापाऱ्याचे घरदार विकले जावे. राजचंद्र स्वतः त्याच्या दुकानी गेले. तो गयावया करू लागला, सवलतीने का होईना पण पै न पै चुकविण्याचे वचन देऊ लागला. राजचंद्रांनी कराराचा कागद मागून घेतला आणि फाडून टाकला. त्या वेळी त्यांच्या मुखातून निघालेले वाक्य जैन घरांत इतके परिचित आहे की ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. या प्रसंगाकडे सहसा दयेचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याला दुसरीही बाजू आहे. तो कागद न फाडता ते घरी आले असते, तर वसुली, विनवण्या, मध्यस्थ आणि मनस्ताप यांत किती महिने गेले असते! कागद फाटला आणि दोन माणसे मोकळी झाली.

एवढ्यावरून त्यांच्या आयुष्यात सारे सुरळीत होते असे समजू नये. ‘पुष्पमाले’तील दोन प्रहरांची वाटणी मुंबईत टिकली नाही. भागीदारांच्या जबाबदाऱ्या होत्या, कुटुंब होते, पेढीचा पसारा वाढत होता. आपल्या पत्रांतून ते या व्यापाराला वारंवार उपाधी म्हणतात, तिच्यातून निवृत्त होण्याची तळमळ व्यक्त करतात, आणि तरीही इतरांचे हित गुंतलेले म्हणून ती एकाएकी टाकून देत नाहीत. अशी पत्रे वर्षानुवर्षे लिहिली गेली. दिवसाची वाटणी जमेना तेव्हा त्यांनी वर्षाची वाटणी केली. मुंबई सोडून ते काही आठवडे, कधी काही महिने, चरोतरातील खंभात, वडवा, राळज, काविठा, उत्तरसंडा अशा ठिकाणी एकांतात राहत. पुढे ईडरच्या डोंगरांतही राहिले. पेढीला त्या काळात त्यांच्यावाचून चालवावे लागे, आणि ती चालली. आपल्यावाचून गाळा एक दिवस उघडणार नाही अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

याच गजबजलेल्या वर्षांत पत्रव्यवहार अखंड चालू होता. सायल्याच्या सौभागभाईंना लिहिलेल्या पत्रांचीच संख्या दोनशेंहून अधिक आहे. दक्षिण आफ्रिकेत गांधींचे ख्रिस्ती व मुस्लिम स्नेही त्यांच्यापुढे आपापल्या धर्माची बाजू मांडीत होते आणि त्यांचे मन दोलायमान झाले होते. त्यांनी १८९४ मध्ये सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले : आत्मा म्हणजे काय, ईश्वर कर्ता आहे काय, मोक्ष म्हणजे काय, सर्प दंश करू लागला तर त्याला मारावे की काय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजचंद्रांनी प्रत्येक प्रश्नाचे क्रमवार उत्तर दिले. पेढीवरच्या माणसाने समुद्रापलीकडच्या एका अननुभवी वकिलाला पाठविलेल्या या उत्तरांनी गांधींना धीर दिला. आपल्या जीवनावर खोल ठसा उमटविणाऱ्यांत गांधींनी टॉलस्टॉय व रस्किन यांच्या ग्रंथांबरोबर राजचंद्रांच्या प्रत्यक्ष सहवासाची गणना केली आहे.

१८९६ च्या आश्विन वद्य प्रतिपदेला त्यांचा मुक्काम गुजरातेतील नडियाद येथे होता. आत्म्याच्या सहा पदांविषयी त्यांनी पूर्वी लिहिलेले गद्य पत्र पाठ करण्यास कठीण जाते, म्हणून ते पद्यात मिळावे, अशी सौभागभाईंची विनंती होती. सायंकाळी फेरफटका मारून आल्यावर राजचंद्रांनी कंदील मागविला आणि लिहावयास बसले. अंबालालभाई कंदील धरून उभे राहिले. दीड-दोन तासांत, एका बैठकीत, एकशे बेचाळीस गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ पूर्ण झाले. त्याच्या चारच प्रती काढण्यात आल्या : सौभागभाई, अंबालालभाई, लल्लुजी महाराज आणि झवेरी माणेकलाल घेलाभाई यांच्यासाठी. दोन तासांत ग्रंथ झाला, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यामागे सहा पदांच्या चिंतनाची अनेक वर्षे होती. लिहिण्याजोगे मनात शिल्लक नसते, तर कंदील रात्रभर जळूनही काही झाले नसते.

१८९९ च्या सुमारास ते व्यापारातून निवृत्त झाले. १९०० मध्ये प्राचीन ग्रंथांच्या प्रकाशनासाठी त्यांनी परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना केली. परंतु शरीर तोवर खचत चालले होते. हवापालटासाठी निरनिराळी स्थळे झाली, उपचार झाले, प्रकृती सावरली नाही. व्यापाराचे आणि साधनेचे अशी दोन्ही ओझी एकाच देहाने वाहिली, आणि त्यातले एक उतरविण्यास विलंब झाला, असे मानण्यास जागा आहे. भक्तांना हे म्हणणे कठोर वाटेल. पण स्वतः श्रीमदांची पत्रे वाचणाऱ्यास ते अपरिचित नाही. ९ एप्रिल १९०१ रोजी, चैत्र वद्य पंचमीला, राजकोट येथे त्यांनी समाधिभावात देह ठेवला. मागे पत्नी आणि लहान मुले होती. गांधी त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत होते.

त्यांची पत्रे ज्यांच्याकडे होती त्यांनी ती जपून ठेवली होती. ती गोळा झाली, बंधू मनसुखभाईंनी त्यासाठी परिश्रम घेतले, आणि १९०५ मध्ये परमश्रुत प्रभावक मंडळाने पहिला संग्रह प्रसिद्ध केला. पुढील आवृत्त्यांत भर पडत जाऊन पत्रांची व नोंदींची संख्या नऊशेंच्या पुढे गेली. त्या जाड ग्रंथाची पाने उलटताना वननिवासातली, ईडरच्या शिलांवरची स्थळे अधूनमधून येतात. परंतु पत्रांच्या शिरोभागी, तिथी आणि संवताच्या अगोदर, पानामागून पान एकच स्थळ लिहिलेले आढळते : मुंबई.